खलीलचे कान आणि माझं नाव

खलील, ही गोष्ट मी इतकी वर्षं कुणालाच सांगितलेली नव्हती. सुमनला नाही, पोरांना नाही, तुला तर नाहीच. पेपरातल्या माझ्या सदराचं ठरत होतं त्या दिवशी मी दोन ठिकाणी दोन वेगळं खोटं बोललो. बीडच्या ऑफिसात संपादक कुलथेसाहेबांनी विचारलं होतं, "मास्तर, हे सगळं ऐकणारा माणूस तुमचा तो टेपवाला मित्र आहे म्हणता. मग वर दोघांची नावं टाकू ना?" मी म्हणालो, "नको साहेब. त्याला नाव छापलेलं आवडत नाही." मग दुपारच्या एसटीनं वडवणीला आलो, तुझ्या दुकानासमोरच्या बाकड्यावर बसलो आणि तुला म्हणालो, "अरे, पेपरवाले एवढी नावं छापत नाहीत. त्यांचा नियमच आहे तसा."

तू कुणाचा तरी अ‍ॅम्प्लिफायर उघडून बसला होतास. मान वर न करता म्हणालास, "असंल बे. त्यांचा पेपर हाय." आणि मला चहा सांगितलास.

तो चहा मी प्यालो.

पुढची कितीतरी वर्षं मी स्वतःला एक कारण सांगत आलो. दिवस बरे नाहीत, सदरावर खलीलचं नाव बघून कुणी काहीबाही बोलेल, त्याचा त्रास त्यालाच होईल, त्यापेक्षा नको. हे साफ खोटं होतं. कुलथेसाहेबांच्या तोंडून तसलं एक अक्षर निघालं नव्हतं. वाचकांनीही काही म्हटलं नव्हतं, त्यांना म्हणायची संधीच मी कुठं दिली? तुझ्या धर्माचा आडोसा करून मी माझी हाव झाकली. त्रेचाळीस वर्षांचा होतो. शाळेत इंग्रजी शिकवून घसा बसला होता, गावात मला 'मास्तर' सोडून दुसरं नाव नव्हतं. मला छापलेलं नाव हवं होतं आणि ते एकट्याचं हवं होतं. बस, एवढंच कारण.

सातवीपर्यंत आपण एका बाकावर होतो. पुढं मी शिकत गेलो, तू अब्बांच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात बसलास आणि खलील टेपवाला झालास. रेडिओ गेले, टेप गेले, मोबाइल आले, डीजे आले, तुझं नाव टेपवालाच राहिलं. तुझे मामू आखातातल्या एका हॉटेलात नाचघराचं साउंड सांभाळायचे. ते हॉटेल बंद पडलं तेव्हा टाकून द्यायच्या रेकॉर्डी त्यांनी दोन पत्र्याच्या पेट्यांत भरल्या आणि गावाकडं पाठवून दिल्या. सोल, डिस्को, जॅझ आणि फंक एकात एक कालवलेल्या त्या लांबच लांब वाजणाऱ्या तबकड्या. बहुतेक सगळी अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी केलेली, नाचायची गाणी. आपल्या जिल्ह्यात तेव्हा ती दुसऱ्या कुणाकडं असतील असं मला वाटत नाही.

तुला कव्हरवरचं इंग्रजी वाचता येत नव्हतं, आणि मला ऐकता येत नव्हतं. यातलं दुसरं मला याच महिन्यात कळलं.

"म्होरं बाईचं नाव हाय," तू म्हणायचास. "मागं बेस गिटार कोण वाजवायलंय? बघ की, बारीक अक्षरात असंल." मी कव्हर उलटंपालटं करायचो. पुष्कळदा नसायचंच. मग तू भडकायचास. "गाणारीचं नाव एवढं थोरलं, आन् नाचवणाऱ्याचं कुठंय बे? पाय कुणामुळं हलायलेत? बाई गप बसली तरी हलतेत. ह्यो मागचा गप बसला की समदे गप. आन् त्याचंच नाव न्हाई! कावून न्हाई?"

"मला काय विचारतोस? मी छापलंय का?" मी म्हणायचो.

एका गाण्यात पहिला सूर लागायच्या आधी एक बारीकसा 'थप' होता. तू सुई सात वेळा त्याच जागी ठेवलीस. "लाकडावर पाय हाय. फरशी न्हाई, लाकूड. आन् बूट घातलेला न्हाई. बेसवाल्यानं पायानं गिनती दिली हाय. लई उकडत असंल तिथं." कितीतरी वर्षांनी इंटरनेटवर त्या स्टुडिओची माहिती मला सापडली. जुनं लाकडी गोदाम होतं. पंख्याचा आवाज टेपवर येतो म्हणून पंखे बंद ठेवायचे आणि वाजवणारे बनियनवर, अनवाणी बसायचे. मी शाळा सुटल्या सुटल्या सायकल दामटत तुझ्याकडं आलो. तुला काहीच नवल वाटलं नाही. "मग मी काय सांगायलो हुतो?"

आणि ते सात मिनिटांचं डिस्को. "ह्यो ड्रमवाला वाजवतच न्हाई," तू म्हणालास. "एवढासा तुकडा वाजवलाय आन् टेप कापून गोल चिकटवलीय. तेच तेच फिरायलंय. सांधा आला की झांज जरा लंगडती बघ." तुला ते कळलं, कारण तुटलेल्या टेपा ब्लेडनं तिरक्या कापून चिकटवण्यात तुझी जवानी गेली होती. मग म्हणालास, "आजारी असंल न्हाई तर भांडून गेला असंल. माणूस घरी, आन् त्याच्या इत्क्याशा तुकड्यावर दुनिया नाचायली."

मला लंगडणारी झांज ऐकू आली नव्हती. मी "हो, हो" म्हणालो होतो.

मग माझी आष्टीला बदली झाली. चार वर्षं. तू कॅसेटी भरून पाठवायला लागलास. गाणं वाजवायचं, मध्येच थांबवून बोलायचं, परत तेवढाच तुकडा वाजवायचा. दुकानात आधी सांगितलेलंही परत सांगायचास. पुडकं वडवणीच्या कंडक्टरच्या हातात, त्यानं ते बीडच्या स्टँडवर आष्टीच्या गाडीला द्यायचं. एकही हरवलं नाही. प्रत्येक कॅसेट एकाच वाक्यानं सुरू व्हायची, "मास्तर, ऐकायलास का? जेवलास का? जेवून ऐक." ऊसतोडीच्या टोळ्या निघून गेल्या की तिथले वर्ग निम्मे रिकामे व्हायचे, संध्याकाळी बोलायला माणूस नसायचा, आणि खोलीत तेवढा तुझा आवाज असायचा. त्या चार वर्षांत मी बाटलीला लागलो नाही. शेजारच्या खोलीतला माझ्यासारखाच एकटा मास्तर लागला. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला भिंतीपलीकडचा पंखा ऐकू यायचा, म्हणून मला वाटायचं की मी न बोललेलंही तुला ऐकू येत असेल. केवढी सोय होती ती माझी!

सदराला मी 'ठेक्याच्या मागे' असं नाव दिलं. तेही तुझ्याच बोलण्यातलं. पहिले तीसेक लेख मी त्या कॅसेटींवरून उतरवले. उतरवले म्हणजे खरोखर उतरवले. तुझं 'हाय' खोडून 'आहे' केलं, 'बे' गाळला, एखादा जड शब्द पेरला, खाली माझं नाव टाकलं. लोक भेटायचे, "मास्तर, काय कान आहे हो तुमचा!" मी मान खाली घालायचो. त्यांना तो विनय वाटायचा.

तू ती कात्रणं काउंटरच्या काचेखाली लावायचास. गिऱ्हाईक विचारायचं, "ह्ये काय लावलंय, खलीलभाई?" आणि मी समोर उभा असताना तू सांगायचास, "आपल्या मास्तरचं हाय. लई भारी लिहितो." तेव्हा मला तुझा राग यायचा. आज खरं तेच सांगतो. तुझा तो मोठेपणा मला टोचायचा. माझ्याकडं बघून एकदा नुसतं डोळ्यानं तरी म्हणायचं होतंस, हे माझं आहे. मी तेवढ्यानंही सगळं कबूल केलं असतं.

एक बाजाराचा दिवस आठवतो. एक वरात नेमकी तुझ्या दुकानासमोर आली आणि डीजेचा अ‍ॅम्प्लिफायर बसला. नवरा घोड्यावर, वऱ्हाडी घामाघूम, डीजेवाला रडकुंडीला. तू रस्त्यातच मांडी घालून तो उघडलास आणि दुरुस्त झाल्यावर तपासायला म्हणून ते सात मिनिटांचं डिस्को लावलंस. आधी सगळे थबकले. मग एक जाडा मामा मांडीवर थाप मारत पुढं झाला आणि अख्खी वरात उसळली. भाजीवाल्या टोपली सोडून बघत उभ्या राहिल्या.

"कुठलं गाणं हाय ह्ये, खलीलभाई? लई खतरनाक हाय!"

"नाच आदी. मंग सांगतो."

तू स्वतः नाचलास. खिशात स्क्रू-ड्रायव्हर, डोळे मिटलेले. मग माझा हात ओढलास. "चल की बे."

"मी मास्तर आहे. पोरं बघतायत."

"मास्तरला पाय न्हाईत का? नाचायच्या गाण्यावर लिहितोस आन् नाचत न्हाईस. तू नाचत न्हाईस तवर तुला ठेक्यातलं काय बी कळनार न्हाई, सांगून ठेवतो."

मला झोंबलं. मी हात सोडवून घेतला आणि म्हणालो, "मग लिही की तूच!"

गाणं चालू होतं. तू माझ्याकडं बघितलंस. मग हसलास. "मला लिहिता आलं असतं तर तुझं काय काम हुतं बे?" आणि परत नाचात शिरलास. ते भांडण तिथंच राहिलं. ना मी माफी मागितली, ना तू विषय काढलास. दुसऱ्या दिवशी तू मला नवा किस्सा सांगितलास, मी तो लिहून घेतला.

तू गेलास त्याला आता तीन आठवडे झाले. तिसऱ्या दिवशीच्या जियारतीला, तुझ्यासाठी दुवा मागायला लोक जमले होते. म्हणत होते, चांगला मेकॅनिक गेला. हाताला गुण होता. हाताला! मला ओरडावंसं वाटत होतं की हाताचं काय घेऊन बसलात, त्याचे कान बघायचे होते. पण त्यांना तुझे कान कुठून माहीत असणार? ते मी माझ्या नावावर करून बसलो होतो.

कुलथेसाहेब मुद्दाम बीडहून आले होते. दाराशी चपला घालता घालता मला म्हणाले, "विलक्षण माणूस हो. मी एकदा माझा जुना स्पूलचा टेप त्यांच्याकडं दुरुस्तीला आणला होता. म्हटलं, खलीलभाई, तुम्हाला नाव छापलेलं आवडत नाही असं मास्तर सांगत होते. इतका निरिच्छ माणूस मी पाहिला नाही."

मी विचारलं, "मग? तो काय म्हणाला?"

"काही नाही. टेपचं झाकण उघडत होते. म्हणाले, मास्तर म्हणतेत तर तसंच असंल, साहेब."

"कधीची गोष्ट ही?"

"तुमचा तो ट्रम्पेटवाला लेख आला ना, त्याच्या आधी. पंधरा दिवस असतील."

म्हणजे तुला माहीत होतं. माझे दोन्ही तुकडे तुझ्या हातात आले होते, आणि तुटलेलं जोडायचं कसं हे तुझ्याइतकं कुणाला येत होतं?

ट्रम्पेटचा लेख म्हणजे पुढं त्या सदराचं पुस्तक झालं त्यातला सगळ्यात गाजलेला लेख. तू मला सांगितलंस ते असं होतं. एका जॅझ-फंकच्या तबकडीत ट्रम्पेटवाला सुरुवातीला एकटाच वाजवतो. मग त्याला कळतं की कव्हरवर त्याचं नाव येणार नाही. तो बँडच्या म्होरक्याला विचारतो. म्होरक्या म्हणतो, कंपनी एवढी नावं छापत नाही, त्यांचा नियमच आहे तसा. तो काही बोलत नाही. निम्म्यापर्यंत वाजवतो, मग उठतो आणि चालायला लागतो. "हितं खुर्ची वाजती," तू म्हणालास. "मंग दार. आन् त्याच्यानंतर शेवटपावेतो ट्रम्पेट न्हाई. गेला त्यो. बाकीचे वाजवतच ऱ्हायले, टेप फिरायली हुती ना."

त्या दिवशी तू रेकॉर्ड लावली नाहीस. "सुई खराब हाय. मागनं येऊन ऐक. ऐकूनच लिही बरं का, मास्तर." मी मान डोलावली. आणि घरी जाऊन, न ऐकता, एका बैठकीत लिहून टाकला.

जियारतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानावर गेलो. रुखसाना शटर उघडून हिशेबाच्या वह्या नि गिऱ्हाइकांचे मोबाइल वेगळे करत बसली होती. तुझी लेक आता बीडला मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे, तुझ्यासारखीच मान वर न करता बोलते. म्हटलं, एक रेकॉर्ड ऐकायचीय. तिनं काढून दिली. सुई उत्तम होती.

खलील, ट्रम्पेट थांबतच नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे. निम्म्यानंतर तर जास्तच आहे. खुर्ची नाही, दार नाही. बाकीचे सगळे गप्प होतात आणि शेवटचा सूर त्या ट्रम्पेटवाल्याचा एकट्याचा, तोही चांगला लांब. मी तीनदा ऐकलं. कान असलेल्या कुणालाही, शेंबड्या पोरालाही कळेल. मला आठ वर्षांत कळलं नाही, कारण आठ वर्षांत मी ती रेकॉर्ड एकदाही लावली नव्हती.

हरामखोर माणसा! शिवी द्यायची होतीस मला. बाजाराच्या दिवशी, चार माणसांत, कॉलर धरायची होतीस. कुलथेसाहेब दुकानातून बाहेर पडल्यावर सरळ शाळेत येऊन वर्गासमोर विचारायचं होतंस, कावून बे? ते न करता तू काय केलंस? मी तुला सांगितलेलं खोटं वाक्य, पेपरवाल्यांच्या जागी कंपनी एवढाच बदल करून, त्या म्होरक्याच्या तोंडी घातलंस आणि मला ऐकवलंस. मी ते ऐकलं, लिहिलं, छापलं. पुस्तकाच्या प्रकाशनाला बीडच्या सभागृहात उभा राहून मोठ्यानं वाचलं. तू पहिल्या रांगेत होतास, इस्त्रीचा पठाणी घालून, शेजारी भाभी. 'त्यांचा नियमच आहे तसा' हे मी वाचलं तेव्हा तू माझ्याकडं एकटक बघत होतास. मला वाटलं, कौतुकानं बघतोय. मी पुढच्या ओळीला आवाज आणखी जड केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तूही वाजवल्यास.

काय होतं ते? सापळा होता का? मास्तरचं नाक कापायचं होतं, तर मग कापलं का नाहीस? एका वाचकाला एक चिठ्ठी पुरली असती. का तुला वाटत होतं की हा बाबा कधीतरी रेकॉर्ड लावेल, ट्रम्पेट ऐकेल आणि धावत येईल? आठ वर्षं वाट बघितलीस? रोज चहा पाजत? मला हे ठरवता येत नाही. तुला विचारता येत नाही. लोक तुला सज्जन म्हणतायत आणि माझा जीव जळतो, कारण ते सज्जनपण मला पुरतं माहीत आहे, त्याला धार होती. ती धार तू माझ्या हातात उलटी दिलीस आणि मी ती इतकी वर्षं पदकासारखी मिरवली.

आणि तुझ्यावर चिडणंही मला शोभत नाही. माझं खोटं तू मला परत दिलंस, यात तुझा गुन्हा तो कुठला?

तिसऱ्यांदा रेकॉर्ड संपली तेव्हा रुखसाना म्हणाली, "काका, तुमच्याकडं अब्बाचा आवाज हाय का कुठं? माझ्या मोबाइलवर नुसतं 'दुकानात हाय, मागनं करतो' एवढंच हाय. अम्मी तेच तेच लावून ऐकायली."

माझ्या कपाटात तुझ्या एकवीस कॅसेटी आहेत. मी म्हणालो, "बघतो."

म्हणजे बघ. तू मातीत गेल्यावर चौथ्या दिवशी मी तुझ्या लेकीला हे उत्तर दिलं. कारण कॅसेट ऐकली की कुणालाही पुस्तक उघडून ओळीला ओळ लावता आली असती. घरी येऊन मी एक कॅसेट टेपात घातली. "मास्तर, ऐकायलास का? जेवलास का?" आणि माझा अंगठा लाल बटणावर गेला. रेकॉर्डचं बटण. दाबलं असतं तर तुझ्या आवाजावर माझ्या खोलीतली शांतता भरली गेली असती. दाबलं नाही. पण अंगठा तिथं गेला होता, बराच वेळ होता, हे इथं लिहून ठेवतो. सुमन दारातून म्हणाली, "अहो, कुणाशी बोलताय?" मी म्हणालो, "कुणाशी नाही."

चार दिवसांनी पिशवीत कॅसेटी, टेप आणि पुस्तक घालून दुकानावर गेलो. रुखसानासमोर सगळं मांडलं आणि सांगितलं. जसं वर लिहिलंय तसंच, आधी कुलथेसाहेबांना काय बोललो, मग तुला काय बोललो. मग तिनं कॅसेट लावली. तुझा आवाज आला तेव्हा तिनं तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, रडेल. तिनं पुस्तक ओढून घेतलं, पान शोधलं आणि तू बोलत होतास तसतशी ओळींवरून बोट फिरवत गेली. लाकडावरचा पाय. अनवाणी. उकडत असेल. अख्खा लेख झाला.

"'हाय'चं 'आहे' केलंय," ती म्हणाली. "बाकी काय फरक न्हाई."

"नाही."

"पुस्तक आलतं तवा अब्बानं दहा प्रती विकत घेतल्या, ठावं हाय का तुमाला? सोयऱ्यांना वाटल्या. माझ्या निकाहात मौलवीसाहेबाला बी दिली. म्हनले, माझ्या दोस्ताची हाय."

मला ठाऊक नव्हतं.

"मला लई राग आलाय, काका," ती शांतपणे म्हणाली. "तुमी जावा आता. कॅसेटी ठेवा."

मी उठलो. "भाभींना मी सांगतो. आत्ताच येतो घरी."

"अम्मी इद्दतमधी हाय. चार महिने धा दिवस. भायरच्या माणसाम्होरं येनार न्हाई."

खलील, ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. तुझ्या बायकोच्या सुतकात मी लपायला जागा शोधली. रुखसानाला ते दिसलं असावं.

"पडद्याआडून सांगू," मी म्हणालो.

"न्हाई. पडद्याआडून तुमाला सोपं जाईल. तिला तुमचं तोंड दिसाय पायजे. तवर पेपरात लिहा. जिथं केलं तिथं लिहा. अम्मीला उर्दू येतं, मराठी वाचता येत न्हाई. तिला कुनी वाचून दाखवनार न्हाई, ते मी बघते. तिला तुमच्याच तोंडून कळंल."

म्हणून हे लिहितो आहे. कुलथेसाहेबांच्या टेबलावर इथवरचा मजकूर ठेवला, त्यांनी पहिला परिच्छेद माझ्यासमोरच वाचला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. चहा सांगितला नाही. एवढंच म्हणाले, "मी त्यांना निरिच्छ म्हणालो होतो, तोंडावर." मजकुरात काना-मात्रेचाही बदल न करता छापतो म्हणाले.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघायची आहे. प्रकाशकाला फोन केला की कव्हरवर खलीलचं नाव हवं, माझ्या आधी. तो म्हणाला, "सर, ते तर गेले. आता कशाला? ऋणनिर्देशात एक ओळ घालू, रेकॉर्डी पुरवल्याबद्दल." मी फोनवर ओरडलो. चोपन्न वर्षांच्या आयुष्यात मी असा कुणावर ओरडलो नव्हतो, सुमन स्वयंपाकघरातून धावत आली. तो म्हणाला, विचार करतो. मी म्हणालो, विचार करू नका, नाव टाका नाहीतर पुस्तक बंद करा. शेवटी नाव टाकतोय. ट्रम्पेटचा लेख तसाच राहील. फक्त त्याच्याखाली लिहिलेलं असेल की अशी रेकॉर्ड नाही, ही गोष्ट खलीलनं माझ्याविषयी सांगितलेली आहे.

यानं काही फिटलं असं म्हणत नाही. तुझं नाव तुझ्या डोळ्यांदेखत छापून यायला हवं होतं. तू ते कात्रण काचेखाली लावलं असतंस आणि गिऱ्हाइकाला काय सांगितलं असतंस, ते मला आता कधीच कळणार नाही. याचा राग माझा माझ्यावर आहे, तो असाच राहू दे. कुणी मला समजावू नये.

भाभींची इद्दत संपायला अजून साडेतीन महिने आहेत. ती संपली की मला त्यांच्यासमोर बसून, मी तुझं नाव कसं खाल्लं ते माझ्या तोंडानं सांगायचं आहे. एवढं मी तुझं देणं लागतो.